डाव्या कोपऱ्यातलं सातवं भोक

“अहो, आमटीची पळी दिसली का कुठं?” हेमलताने स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा पळी व्हरांड्यात गोलची रेघ होऊन आडवी पडली होती. तिच्यापुढे तांब्या हा गोलकीपर, दोन वाट्या हे बॅक आणि तीन पेले हे हाफबॅक असा कारखान्याच्या टीमचा डिफेन्स फरशीवर मांडलेला होता, आणि त्याच्याभोवती तीन कर्ती माणसं गुडघ्यांवर बसून हमरीतुमरीवर आली होती.

“नाही बुवा दिसली,” उमाकांतने उत्तर दिलं आणि पळी दोन बोटं डावीकडे सरकवली.

साल अठ्ठावन्न, महिना एप्रिलचा, ठिकाण बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या कारखान्याच्या क्वार्टर्स. लीग सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. गेल्या सीझनला या टीमने चौदा मॅचेसमध्ये एकतीस गोल खाल्ले होते. खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता ती वाचली, ती दुसऱ्या एका टीमने चौतीस खाल्ले म्हणून. एवढं होऊनही कुणाची मान खाली गेली होती म्हणाल तर अजिबात नाही. एकतीस गोलांपैकी निम्मे पंचाने खाल्ले, उरलेले वाऱ्याने, असा हिशोब कॅन्टीनमध्ये अजून छातीठोकपणे मांडला जात होता.

उमाकांत हा टीमचा सेक्रेटरी. मूळचा सांगलीचा, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. जन्मात त्याने फुटबॉलला लाथ मारलेली नव्हती. फुटबॉलने मात्र एकदा त्याला मारलं होतं, शाळेत असताना, चष्म्यावर. पण अक्षर देखणं, इंग्रजी बरं, आणि घरात लायब्ररीतून आणलेलं फुटबॉलवरचं एक विलायती पुस्तक, एवढ्या भांडवलावर तो सेक्रेटरी झाला होता. पुस्तकाची मुदत फेब्रुवारीतच संपली होती.

“तीन बॅक पाहिजेत,” त्याने तिसरी वाटी मधोमध ठेवली. “दोन बॅकांचे दिवस गेले. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय.”

“पुस्तकवाले आपल्या ग्राउंडवर खेळलेत काय?” नागोजी म्हणाला. नागोजी कॅप्टन आणि उजवा बॅक. “आपल्या ग्राउंडला डाव्या अंगाला मोरी आहे. पुस्तकात मोरी आहे का दाखवा.”

“मोरीचं मरू द्या हो! हे बघा, डावा बॅक चेंडू घेऊन सरळ वर धावणार. असा.” उमाकांतने डावी वाटी पार मध्यरेषेपर्यंत नेली.

“आनि मागं कोन?” हा प्रश्न आप्पाजीचा.

“मधला सरकेल.”

“मग मदी कोन?”

उमाकांत जरा थांबला. “तांब्या पुढे येईल.”

“तांब्यानं गेल्या साली एकतीस खाल्लेत,” आप्पाजी शांतपणे म्हणाला.

आप्पाजी शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहत असे. निपाणीकडचा माणूस, मशीन शॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर. चौदा वर्षं तो डावा बॅक होता. अनवाणी खेळायचे त्या काळात त्याच्या बाजूने चेंडू गेला तर माणूस जात नसे आणि माणूस गेला तर चेंडू जात नसे. मग बूट आले. बूट घातले की पायाला काही कळतच नाही, अशी त्याची तक्रार होती. त्यात वय एकोणचाळीस आणि उजवा गुडघा जिना उतरताना वाजू लागलेला. उमाकांतच्या योजनेत मध्यरेषेपर्यंत धावणारी ती डावी वाटी आप्पाजी नव्हता. पेंट शॉपमध्ये परसू नावाचा बावीस वर्षांचा हरणासारखा पळणारा गडी होता, त्याची ती वाटी होती. हे आप्पाजीला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, अशी उमाकांतची समजूत होती.

“उमाकांतराव,” उठता उठता आप्पाजी म्हणाला, “मला वाईच सांगायचं होतं. ह्या सीझनचं...”

“उद्या, उद्या बोलू आप्पाजी!” उमाकांतने पळी उचलली. “आमटी खोळंबलीय.”

असं लागोपाठ तीन संध्याकाळी झालं. आप्पाजीने ‘मला सांगायचं होतं’ म्हणायचं, आणि आता हा आपल्याकडून जागेचा शब्द घेणार या धास्तीने उमाकांतने घरात पळायचं. तिसऱ्या दिवशी हेमलताने पळी त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

“आप्पाजीअण्णांना सरळ सांगून का टाकत नाही एकदाचं? मोठा माणूस आहे, समजून घेईल.”

“तोंडावर कसं सांगू? चौदा वर्षं खेळलाय तो. शिवाय शेजार.”

“मग सांगणार कसं?”

“शनिवारी कमिटी आहे. तिथे योजना मांडायची. कागदावर, रीतसर. कागद बोलेल.”

“कागद बोलेल म्हणे!” हेमलता म्हणाली. “तुम्हाला तोंड कशाला दिलंय मग, पुस्तक वाचायला?”

पण उमाकांत हा कागदाचा माणूस. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारला, ट्रेसिंग पेपर ताणून बसवला आणि डिफेन्सची योजना काढायला घेतली. आता ड्राफ्ट्समनचा हात वेगळाच असतो. त्याला नुसती वाटी काढ म्हटलं तरी तो आधी मध्यरेषा मारील. उमाकांतने अर्ध्या मैदानाचा चौकोन काढला, अकरा इंच गुणिले सात. त्यात सहा खेळाडूंची सहा वर्तुळं काढली, प्रत्येक अर्ध्या इंचाचं. प्रत्येक वर्तुळाचं दोन्ही कडांपासूनचं अंतर बाण मारून लिहिलं, आणि ओळख म्हणून शेजारी नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर घातलं. गोलकीपर रघुजीचा आर, नागोजीचा एन, मधल्या दामोदरचा डी, वर धावणाऱ्या परसूचा पी, आणि दोन हाफबॅकांची दोन. डाव्या कोपऱ्यात, चौदा वर्षं आप्पाजी उभा राहत असे तिथे, कोरा कागद राहिला. खालच्या उजव्या बाजूला नेहमीची चौकटसुद्धा काढून झाली. त्यातले ‘मटेरियल’ आणि ‘नग’ हे रकाने तेवढे त्याने मोकळे ठेवले, कारण परसूचं मटेरियल काय लिहिणार?

एवढ्यात नरसिंहराव आले. हे चीफ ड्राफ्ट्समन. घराणं मराठी, पण सहा पिढ्या बेंगळूरात मुरलेलं, त्यामुळे मराठीत अधूनमधून कानडी उगवायचं. ऑफिसच्या कागदावर घरचं काम दिसलं तर हा माणूस महिनाभर बोल लावत राही, आणि उमाकांतची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने ट्रेसिंग झटकन शेजारच्या गठ्ठ्यात सारलं.

“उमाकांतराव, तुमच्या टीमच्या जर्सी आल्या म्हणे गेटवर. जा, स्वल्प बघून या.”

जर्सी बघून तो परत येतो तर गठ्ठा टेबलावरून गेलेला. तो सहीचा गठ्ठा होता. तरी उमाकांत फारसा घाबरला नाही. नरसिंहरावांच्या टेबलावर गठ्ठा चार दिवस मुक्काम करतो हा सगळ्या ऑफिसचा अनुभव होता. उद्या हळूच काढून घेऊ म्हणून तो घरी गेला.

नेमके बुधवारी नरसिंहराव रजेवर निघाले होते, नंजनगूडला देवदर्शनाला. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी त्यांनी टेबल साफ करायला घेतलं आणि एका बैठकीत चाळीस सह्या ठोकल्या. ड्रॉइंग वाचून सही करायची वेळ त्यांच्या मते पंधरा वर्षांपूर्वीच संपली होती. मात्र एक गोष्ट त्यांना खपत नसे, ती म्हणजे मोकळा रकाना. तसे दोन रकाने दिसताच त्यांनी आपल्या हाताने लिहिलं : मटेरियल माइल्ड स्टील, जाडी अर्धा इंच, नग एक. आणि खाली झोकदार सही केली.

बुधवारी उमाकांतने टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, कचऱ्याची टोपलीही पाहिली. गुरुवारी सकाळी छपाईच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं, “सहा भोकांची प्लेट ना? निळी प्रत काढून कालच मशीन शॉपला दिली की!”

उमाकांत मशीन शॉपकडे पळाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो डाव्या बगलेतून इतक्या वेगात वर गेला असेल. ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर निळसर रंग फासलेली पोलादाची प्लेट होती, तिच्यावर रेघा आखून झाल्या होत्या, आणि वर चिमट्याला त्याची योजना लटकत होती. तिच्यासमोर हात मागे बांधून आप्पाजी उभा होता.

“आप्पाजी! हे... हे चुकून आलंय तुमच्याकडे. द्या इकडे.”

“चुकून?” आप्पाजीने मान वळवली नाही. “सही हाय. मटेरियल हाय. नग हाय. चुकून कसं म्हनतासा?”

“नाही म्हणजे, हे करायची गरज नाही.”

“उमाकांतराव, चौदा वर्सं ड्रॉइंग वाचतोय मी. इंग्रजी येत न्हाई, पन भोकांची अक्षरं येत्यात. पैलं भोक ए. मग बी. मग सी. कुटलंबी ड्रॉइंग घ्या.” त्याने तेलकट बोट प्रतीवर टेकवलं. “ह्यात आर हाय, एन हाय, डी हाय, पी हाय. ए न्हाई. सकाळधरनं हुडकतोय, ए कुटं गेला म्हनून.”

काहीतरी बोलायला उमाकांतने तोंड उघडलं, पण तोंडाने सांगण्याचा सराव नसल्याने नुसतंच उघडं राहिलं.

“परत पायजे तर नरसिंहरावांची रद्द केल्याची चिठ्ठी आना,” आप्पाजी म्हणाला. “सहीचं ड्रॉइंग मी बिनचिठ्ठीचं सोडनार न्हाई. आनि चिठ्ठी न्हाई आली तर मी हे करनार. बघाच तुमी.”

नरसिंहराव त्याच सकाळी देवदर्शन करून प्रसन्न होऊन आले होते. चिठ्ठीचं नाव काढताच प्रसन्नता ओसरली.

“अय्यो! माझी सही रद्द? चोवीस वर्षं झाली उमाकांतराव, एक ड्रॉइंग मागं आलं नाही माझं. एक!”

“सर, पण ते जरा... त्या ड्रॉइंगचा उपयोग नाही आपल्याला.”

“उपयोग नाही? मी सही केली म्हणजे उपयोग आहे. न बघता सही करतो का मी?”

या प्रश्नाचं खरं उत्तर सगळं ऑफिस देऊ शकलं असतं. उमाकांत म्हणाला, “छे छे, सर.”

“मशीनवर काम धरायच्या फिक्श्चरची बेस प्लेट आहे ती. मला काय ठाऊक नाही? नसेल तर कशाची आहे, सांगा तुम्ही.”

हीच जागा होती. इथे खरं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि बहुधा त्याची नोकरीही. उमाकांत म्हणाला, “बेस प्लेटच आहे, सर.”

“सरी, बरोबर! मग रद्द कशाला?”

त्या संध्याकाळी व्हरांड्यात कुणी आलं नाही. पळी आमटीत होती, तांब्यात पाणी होतं, सगळं जागच्या जागी होतं आणि घर अगदी भकास वाटत होतं. हेमलताने आदल्या आठवड्यात शेजारी वाटीभर सांडगे दिले होते. आप्पाजीची बायको तानूबाई ती वाटी घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवली आणि तशीच माघारी गेली. हेमलताने वाटी पाहिली. ती रिकामी होती. चार वर्षांत दोन्ही घरांमध्ये रिकामी वाटी कधी परत गेली नव्हती. चिमूटभर साखर तरी असायचीच.

“काय केलंत तुम्ही?” तिने विचारलं. उमाकांतने सगळं सांगितलं. 

“अण्णांना टीममधून काढायचा कागद,” ती सावकाश म्हणाली, “तुम्ही अण्णांनाच पोलादात करायला दिलात?”

“मी दिला नाही! तो गेला!”

“आता तरी जा. पलीकडे जाऊन बोला.”

उमाकांत दारापर्यंत गेला. पलीकडे तानूबाई भांडी घासत होती, आणि ज्या जोरात घासत होती ते ऐकून तो परत फिरला.

शनिवारी सकाळी दहा वाजता वर्क्स मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये तिघांना बोलावणं आलं : नरसिंहराव, उमाकांत आणि आप्पाजी. टेबलावर ती प्लेट होती. कडा घासून चकचकीत केलेली, आणि तिच्यावर तपासणी खात्याची नापास केल्याची लाल चिठ्ठी. ड्रॉइंगमध्ये सहा भोकं, प्लेटमध्ये सात. सातवं डाव्या कोपऱ्यात, गुळगुळीत, अचूक अर्ध्या इंचाचं, आणि शेजारी ठोकलेलं ठसठशीत अक्षर : ए.

साहेब म्हैसूरचे. चिडले की इंग्रजीत बोलत. ते इंग्रजीत म्हणाले, “हे काय आहे?”

“काम चुकलं, साहेब,” नरसिंहराव ताबडतोब म्हणाले. “ड्रॉइंग बरोबर आहे. सही माझी आहे.”

“काम बरोबर हाय,” आप्पाजी म्हणाला. “ड्रॉइंग चुकलंय.”

कामगाराने साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून नरसिंहरावांचं ड्रॉइंग चुकलं म्हणावं, असं त्या कारखान्यात आजवर झालेलं नव्हतं. नरसिंहरावांचे कान लाल झाले. उमाकांत फरशीकडे बघू लागला. आता आप्पाजीने फक्त एक वाक्य बोलायचं होतं : साहेब, ही प्लेट नव्हे, फुटबॉल आहे, आणि हा ह्या माणसाने ऑफिसात बसून काढला आहे. मग उमाकांत सोमवारी सांगलीच्या गाडीत बसला असता.

“ही प्लेट कशासाठी आहे?” साहेबांनी विचारलं. नरसिंहरावांनी उमाकांतकडे पाहिलं. साहेबांनी बोट आप्पाजीकडे वळवलं. “तू सांग. हे भोक तू कुणाला विचारून पाडलंस?”

आप्पाजीने कानडीत सांगितलं, म्हणजे साहेबांना नीट समजावं. “साहेब, ही कशासाठी हाय ते काढणाऱ्याला ठाऊक. मी ड्रिलवाला. पन सहा बोल्टांवर ही बसवली तर हा डावा कोपरा उघडा ऱ्हातो. ह्या बाजूनं जोर आला की प्लेट उचलनार. हे पी बघा, पार वर ढकललंय, मागं काय न्हाई. इथं एक पायजेच. म्हनून पाडलं. चूक वाटत असंल तर माझा पगार कापा, पन भोक बुजवनार न्हाई.”

साहेबांनी प्लेट उचलली. शेवटी तेही इंजिनियर. त्यांनी डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला, सहा भोकं मोजली, सातवं मोजलं, ड्रॉइंग उलटसुलट केलं. मग नरसिंहरावांकडे पाहिलं.

“हा बरोबर सांगतोय. डावीकडे आधार नाही. हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

नरसिंहरावांनी चोवीस वर्षांची सगळी अक्कल एका क्षणात गोळा केली. “आलं होतं, साहेब. उमाकांतरावांना कालच म्हटलं, डावीकडं स्वल्प बघून घ्या.”

“मग ड्रॉइंग सुधारा. सात भोकं. आत्ता. मी सही करतो, तुम्हीही करा. आणि लाल चिठ्ठी काढून टाका.”

उमाकांत छपाईच्या खोलीतून मूळ ट्रेसिंग घेऊन जागेवर आला. त्याने पेनात शाई भरली, डाव्या कोपऱ्यात मध्यरेषा मारली, अर्ध्या इंचाचं वर्तुळ काढलं आणि शेजारी ए लिहिला. असला सुबक ए त्याने आधी कधी काढला नव्हता. अकरा वाजेपर्यंत दोन्ही सह्या झाल्या. बारा वाजता फुटबॉल कमिटी होती, आणि तिचे अध्यक्ष होते वर्क्स मॅनेजरसाहेब.

बाराच्या आत दुसरा कागद काढता आला असता. तीन बॅकांचा, परसूचा, पुस्तकात आहे तसा. उमाकांतने नवा कागद पुढे ओढलाही होता. पण समोर तो ए दिसत होता आणि कानात आप्पाजीचं ‘भोक बुजवणार नाही’ घुमत होतं. त्या माणसाकडे आपल्याला एका वाक्यात नोकरीतून घालवायची संधी होती, आणि तो पगार कापा म्हणाला होता. उमाकांतला एकदम स्वतःचा भयंकर राग आला. त्याने नवा कागद खणात टाकला. “गेली नोकरी तर गेली,” तो मोठ्याने म्हणाला, आणि ट्रेसिंगची गुंडाळी करून कमिटीच्या खोलीत गेला.

“यंदा डिफेन्सचं काय?” साहेबांनी विचारलं. “एकतीस गोल म्हणजे शरमेची गोष्ट आहे.”

“योजना तयार आहे, सर,” उमाकांत म्हणाला आणि ट्रेसिंग टेबलावर पसरलं.

कॅप्टन नागोजीने ते पाहिलं आणि त्याला काही कळलं नाही. कमिटीवर नरसिंहरावही होते. त्यांनी ते पाहिलं, त्यांना सगळं कळलं, आणि ते खुर्चीत इंचाइंचाने खाली सरकू लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चौकोन पाहिला. आर, एन, डी, पी पाहिले. मग ए. मग चौकटीतलं मटेरियल, माइल्ड स्टील. शेवटी त्याखालची एक तासापूर्वीची स्वतःची सही पाहिली.

“हे...” साहेब म्हणाले.

“हो सर,” उमाकांत उभाच होता. “परसू वर जाईल. तो गेला की डावा कोपरा उघडा राहतो. तिथून जोर आला तर सगळं उचललं जातं. म्हणून तिथे आप्पाजी. चुकलं असेल तर मला काढा, सर. पण त्याला ठेवा.”

“चार बॅक होतात की हे!” नागोजी मोजून म्हणाला. “चार बॅक कोण खेळवतं जगात?”

साहेबांनी नरसिंहरावांकडे पाहिलं. नरसिंहराव छताकडे पाहत होते. काही बोलायचं तर आपण काय मंजूर केलं हे आधी कबूल करावं लागणार, हे दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. आणि स्वतःची सही चुकली म्हणणारा माणूस त्या कारखान्याने अजून भरती केलेला नव्हता.

“मी या ड्रॉइंगचा बारकाईने विचार केला आहे,” साहेब करड्या आवाजात म्हणाले. “कुणी खेळवत नसेल तर आपण खेळवू. नरसिंहराव?”

“सरी, साहेब! पहिल्यापासून माझं हेच मत आहे.”

एक फॉरवर्ड कमी करावा लागला, तेवढं सोडलं तर ठराव एकमताने पास झाला. पुढे जूनमध्ये ब्राझीलवाले चार बॅक लावून जगज्जेते झाल्याचं पेपरात आलं. त्यांचं ड्रॉइंग कुणी मंजूर केलं होतं ते काही कळलं नाही. सभा संपल्यावर मात्र साहेबांनी उमाकांतला थांबवलं. “पुन्हा ऑफिसात फुटबॉल काढलास,” ते म्हणाले, “तर मटेरियलचा रकाना मोकळा ठेवू नकोस.”

संध्याकाळी उमाकांत आप्पाजीच्या दारात गेला. हातात हेमलताने भरून दिलेली साखरेची वाटी होती. दार तानूबाईने उघडलं. आत आप्पाजी पाय पसरून बसला होता, शेजारी तिळाच्या तेलाची बाटली.

“आप्पाजी, माझं चुकलं,” उमाकांत उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. घाईघाईने बोलत होता, थांबलो तर जमणार नाही म्हणून. “तोंडावर सांगायला हवं होतं. भ्यालो. पण आज कमिटीत तुमची जागा पक्की झाली. चार बॅक, डावीकडे तुम्ही. साहेबांनी सही केलीय.”

त्याला वाटलं होतं, आप्पाजी उठून मिठी मारील. आप्पाजीने नुसती मान हलवली. तानूबाईने मात्र वाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कमरेवर हात ठेवला.

“पक्की केलीसा? लई उपकार झालं! अवो, ह्या वर्सी खेळनार नव्हतं हे! गुडघा ऱ्हायलाय का जाग्यावर? परसूला घ्या, मी बास करतो, हेच सांगायला तीन सांजा तुमच्या दारात येत हुतं. तुमी पळी घेऊन आत पळत हुता!”

उमाकांत मटकन पायरीवर बसला. व्हरांडा, पळी, ‘मला वाईच सांगायचं होतं’, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

“मग... मग आप्पाजी, आत्ताही काही बिघडलं नाही,” तो चाचरत म्हणाला. “सोमवारी मी साहेबांना सांगतो...”

“सांगू नगा,” आप्पाजी म्हणाला. “मी होऊन सोडनार हुतो, ती गोष्ट येगळी हुती. कागदावर मला न धरता भागवलंसा, तवाच ठरवलं. आता खेळनार. गुडघा ऱ्हावो न्हाईतर जावो.”

“आनि तेल मी चोळनार!” तानूबाई म्हणाली.

आप्पाजीने धोतर वर सारलं, दुखरा पाय तिच्याकडे सरकवला आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच उमाकांतकडे बघून हसला.

“चोळ की. साहेबाची सही झालीया. आता मलाबी रद्द करता येत न्हाई.”